किल्ल्याचं अनेकवचन

बुधवारी ऑस्ट्रेलियात, टूवूंबाला घरी पोचलो आणि माझे खांदे अजून दुखताहेत. कारण सांगते… पण आधी थोडं चिडून घेऊ दे.

माझा नवरा मंदार पुण्याचा, लहानपणापासून गड-किल्ल्यांचा वेडा. ऑस्ट्रेलियात त्याला सगळं मिळालं… नोकरी, घर, मागच्या अंगणात लिंबाचं झाड. फक्त गड मिळाला नाही. इथल्या कुठल्याही डोंगरावर चढला की उसासा टाकतो, "वर नुसता एक बुरुज हवा होता गं!"

म्हणून सप्टेंबरच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही स्पेनला गेलो. लोक बार्सिलोना बघतात. आम्ही एअरपोर्टवरच गाडी घेतली आणि थेट कातालोनियाच्या खेड्यांत घुसलो, कारण तिथे टेकडी दिसली की वर पडका किल्ला असतो म्हणे. असतो… खरंच असतो. आणि मंदारला त्यातला एकही सोडायचा नव्हता.

माझी एकच अट होती. मी इथल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत डॉक्टर आहे. शिफ्टभर लोक माझ्या तोंडाकडे बघून विचारतात, आता काय करायचं? घरी आले की लेक विचारते, नवरा विचारतो, सासूबाई व्हिडिओ कॉलवर गोळ्यांची पाकिटं दाखवून विचारतात. त्यामुळे निघतानाच सांगून ठेवलं होतं… शेवटचा रविवार माझा. मी समुद्रावर पडून राहणार आणि मला कुणीही काहीही विचारायचं नाही.

मंदारने मान डोलावली होती. त्याची मान फार छान डोलते.

मग सुरू झाले किल्ले. काटेरी झुडपांतून वर चढायचं, वर दोन भिंती आणि एक कमान. त्यातही हा माची कुठली, बालेकिल्ला कुठला ते ठरवणार. "पाण्याचं टाकं असणारच!" असं म्हणत तासन् तास दगड उलथवणार. एकदा तर पडक्या छोट्या चर्चच्या उंबऱ्याशी बूट काढून आत गेला आणि मोज्यात काटे भरून बाहेर आला. ते काटे कुणी काढले असतील?

आमची सई तेरा वर्षांची. तिने पहिल्याच दिवशी "डॅड, इट्स जस्ट रॉक्स" म्हणून निकाल लावला होता. पण मला नवऱ्याची बाजू घ्यावी लागत होती, याचा राग वेगळाच.

शनिवारी एका गावातल्या बेकरीत त्याला पोस्टर दिसलं. त्यावर मोठ्या अक्षरांत 'कास्तेल्स', खाली रविवार, बारा वाजता, चौकात. तिथे किल्ल्याला कास्तेल म्हणतात, एवढी भाषा तो रस्त्यावरच्या पाट्या वाचून शिकला होता. "अगं, शेवटी एस आहे! अनेकवचन! म्हणजे चौकात जमायचं आणि सगळे किल्ले एकदम दाखवणार."

माझा रविवार अशा रीतीने एका एसपायी गेला. मी भांडले, खूप भांडले… आणि मग गाडीत बसले, कारण चावी त्याच्याकडे होती.

चौकात ना बस, ना गाइड. एकसारखे शर्ट घातलेले शंभरेक लोक कमरेला लांबलचक काळे कापडी पट्टे गुंडाळत होते. आणि बघता बघता ते एकमेकांच्या खांद्यांवर चढायला लागले.

मंदारचं तोंड उघडंच राहिलं. "ही तर दहीहंडी आहे!" हो. फक्त हंडी नव्हती आणि पाणी मारणारं कुणी नव्हतं. त्या लोकांच्या भाषेत माणसांच्या मनोऱ्यालाही किल्लाच म्हणतात.

मला हसू येत होतं आणि त्याचा गळाही दाबावासा वाटत होता. कॉलेजात असताना मी ठाण्याच्या मुलींच्या पथकात होते. कायम सगळ्यात खाली. माझे खांदे बघून मला वर चढवायचा विचार कुणाच्या मनातही आला नाही. सईला हे कधी खरं वाटलेलं नाही.

पुढच्या मनोऱ्यासाठी तळाशी गर्दी जमायला लागली. तेवढ्यात त्या शर्टातल्या एका आजींनी माझ्याकडे बघितलं, खांद्यावर थाप मारली आणि दंडाला धरून मला आत ओढलं. माझ्या चष्म्याकडे आणि कानातल्यांकडे बोट दाखवलं. मी दोन्ही काढून फोनसकट सईकडे दिली. "मम, नो वे!" एवढंच ऐकू आलं.

हनुवटी छातीला, हात वर, पुढच्याच्या पाठीला रेटा… शरीर काही विसरलं नव्हतं. वर बघायचं नसतं, त्यामुळे तो मनोरा मी पाहिलेलाच नाही. मला दिसत होती फक्त एका माणसाची घामेजलेली मान. थर कुठवर चढलेत ते सनईसारख्या एका वाद्याच्या सुरावरून समजून घ्यायचं.

मागून आजींचा रेटा, बाजूंनी परक्या माणसांची कोपरं. फोन सईच्या हातात. तिथे मला काहीच ठरवायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं आणि ढकलायचं. डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं ते कळलंच नाही.

सूर बदलला, टाळ्या वाजल्या, थर उतरले, लोक एकमेकांना मिठ्या मारायला लागले. आजींनी माझे हात धरून खाली केले, तेव्हा कळलं की मी अजून तशीच उभी आहे.

मंदार गाडीत म्हणाला, "बघ, शेवटी माझ्यामुळेच!" त्याला अजून माफ केलेलं नाही.

आजींनी मात्र तिथे चौकातच माझा रडलेला चेहरा बघितला, आपल्या पट्ट्याच्या टोकाने पुसला आणि दुसऱ्या मनोऱ्याकडे निघून गेल्या. काही म्हणजे काही विचारलं नाही. त्यांचे फार फार आभार.