फ्रेमबाहेरचा ग्लास

पान साडेसातला सोडायचं होतं, म्हणजे छपाईला पाठवायचं होतं. साडेपाच वाजले होते, मी साताऱ्याजवळच्या मेढ्यात एका निवृत्त सुभेदारांच्या ओसरीवर बसलो होतो आणि माझ्याकडे छापण्याजोगा एकही फोटो नव्हता.

साताऱ्याच्या एका दैनिकाची पर्यटन पुरवणी मी पाहतो. त्या आठवड्याचा विषय होता जपानमधल्या एका स्कीच्या गावातली रात्र. दिवसभर लोक पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरतात आणि अंधार पडला की गाव जागं होतं. बाहेरून विकत घेतलेला मजकूर तयार होता. पुरवणीच्या प्रमुख शिंदे मॅडमनी तो बाजूला सारला.

"हा सगळ्यांकडे असणार. आपल्याकडचा कुणी आहे का तिथं?"

होता. सुभेदारांचा मुलगा संदीप तीन हिवाळ्यांपासून तिथल्या एका हॉटेलात कुक होता. फोनवर त्यानं मला सगळं सांगितलं. गल्लीतले कागदी कंदील, उभ्यानंच खायचे-प्यायचे छोटे बार, दिव्यांच्या झोतात रात्रीही चालू असलेला उतार. फोटो मागितला की मात्र एकच यायचा: भांडारघरात, डब्यांच्या रॅकपुढे उभा संदीप. म्हणून मी जुना एखादा फोटो मिळेल या आशेनं मेढा गाठला.

"आमालाबी तेच दिसतंय," सुभेदार म्हणाले. "कवाबी फोन करू द्या, मागं डबंच. सायेब, पोराला कोंडून ठेवलंय का काय, कळंना. मार्चला करार सपतोय. हाल असत्याल तर ये म्हणणार हाय."

सुभेदारांनी नोकरीतले चार हिवाळे बर्फातल्या चौकीवर काढले होते. बर्फ म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे नऊ. संदीपची सुट्टी होती, तरी मागे रॅकच.

"संदीप, बाहेर जा. मला गल्ली दाखव."

तो घुटमळला. "सर, आबा हायत ना शेजारी?"

"हाय की," सुभेदार पुढे वाकले. "काय लपवतूयास?"

"आवं आबा, हितं जाईल तितं सगळ्यांच्या म्होरं ग्लास असत्यात. माज्याबी असतो कवा कवा. तुमच्यासमोर कसं दाखवायचं?"

सुभेदारांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला.

"म्हणून तीन वरसं मला डबं दाखवलंस व्हय रं? कॉलेजात असताना मिलिटरी कँटीनातली माजी रम यष्टीत मांडीवर घेऊन कोण यायचं? तूच की. तवा न्हाई लाज वाटली?"

आतून सुभेदारांच्या पत्नींचा हसण्याचा आवाज आला. संदीपनं जॅकेट चढवलं आणि दार उघडलं.

दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच बर्फ, मधून वाट. जड बूट घातलेली माणसं एकमेकांना धरून चाललेली. कुणीतरी घसरून पडलं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. संदीप एका बुटक्या दारातून आत शिरला. आतल्या चार-पाच जणांनी त्याच्या नावानं आरोळी ठोकली. तोही काहीतरी जपानीत ओरडला. खिडकीतून पांढराशुभ्र उतार दिसत होता.

"बरफात असं हसत्यात व्हय माणसं?" सुभेदार हळू आवाजात म्हणाले. "आमी तर बरफातनं वढून काढायचो."

संदीपपुढे ग्लास आला. त्यानं तो पटकन कॅमेऱ्याबाहेर सरकवला.

"उचल की," सुभेदार म्हणाले. "दिसू दे."

त्यानं उचलला. मी सांगितल्याप्रमाणे शेजारच्यानं फोटो काढला आणि संदीपनं तो माझ्या मोबाइलवर पाठवून दिला. मागे उतार, पुढे हात उंचावून हसणारा संदीप. हवा तो फोटो. कॉल संपल्यावरही सुभेदार काळ्या स्क्रीनकडे पाहत होते.

ऑफिसात मॅडम म्हणाल्या, "बिअर आहे. क्रॉप करा." क्रॉप म्हणजे फोटोची नको ती कड कापणं. दारूचा ग्लास छापायचा नाही, हा आमचा नियम. मी मनगटाच्या वर कापलं. पान वेळेत सुटलं.

पुरवणी निघाली त्या सकाळी सुभेदारांचा फोन आला.

"पोरानं हात वर केलाय. गिलास कुटं गेला?"

"कापला."

"म्हंजे तुमीबी डबंच दाखवलं."

मी माफी मागितली. ते हसले.

"एक इचारू? हाल असत्याल तर ये म्हणणार हुतो. आता बघितलं, मजेत हाय. आता काय सांगून बोलवू त्याला?"

"पूर्ण फोटो पाठवून देतो," मी म्हणालो.

मी न कापलेला फोटो मोठा करून घेतला आणि आमच्या मेढ्याच्या वार्ताहराबरोबर पाठवला. मार्चमध्ये संदीपनं विचारलं, "आबा, नव्या करारावर सही करू का?" सुभेदार म्हणाले, "कर." हे मला वार्ताहरानं सांगितलं. फोटो त्यांनी ओसरीवर लावला आहे. शेजारी घड्याळ आहे, संदीपकडच्या वेळेप्रमाणे साडेतीन तास पुढे लावलेलं.

तेव्हापासून फोटो मागवताना मी पूर्ण फ्रेम मागतो. नियम बदललेला नाही. कापण्याआधी मी फोटोतल्या माणसाच्या घरच्यांना कळवतो, इतकंच.