पाचव्या ओळीखाली

शहापूरच्या एसटी स्टँडजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या आणि तीन कॉम्प्युटर. कल्याणला जावा प्रोग्रामिंगचा कोर्स करून मी तिथे लागले. धरणासाठी उठवायच्या पाड्यांची कुटुंबवार यादी करायचं काम आमच्या मालकांना मिळालं होतं. माहिती भरायचा फॉर्म मी लिहिला.

वर कुटुंबप्रमुखाचं नाव, खाली ‘सदस्य वाढवा’ असं बटण. ते दाबलं की नाव, वय, नातं अशी एक नवी ओळ यायची. अशा वेळी खिडकीतली मांडणी जावातल्या ‘लेआउट मॅनेजर’ नावाच्या तयार कोडवर सोडायची, असं कोर्समध्ये शिकवलं होतं. ओळी वाढल्या की तो त्यांना आपणहून जागा करून देतो. पण मला तो आवरेना. रकाने भलतीकडे जायचे, कधी टाचणीएवढे व्हायचे. मालकांची घाई चालली होती. शेवटी मी मॅनेजर काढूनच टाकला आणि प्रत्येक ओळीची जागा स्वतः मोजून दिली. माझ्या स्क्रीनवर दहा ओळी छान दिसल्या.

पाड्यांवरून आलेल्या कागदी अर्जांवरून माहिती मुरबाडच्या केंद्रात भरली जायची. तिथला मॉनिटर जुना आणि लहान होता. मी तो बघायला गेले नाही.

पाड्यांवर लावायच्या याद्या छापताना प्रिंटर अडला म्हणून मला मुरबाडला पाठवलं. मी वाकून कागद ओढत होते, तेवढ्यात एक बाई आत आली. पस्तिशीची असेल.

“माझा नाव बघ गो,” ती माहिती भरणाऱ्या मुलीला म्हणाली. “भावाच्या घरात हाय मी. नवरा गेल्यापासून.”

मुलगी खर्डीची, कामाला चोख. तिने ते कुटुंब उघडलं. वर भाऊ, खाली भावजय आणि चार मुलं.

“नाय इथे.”

“कागदी अर्जावर पुढे हिचं नाव आहे. ते का घातलं नाहीस?” मी विचारलं.

“पाचच येतात ना, मॅडम. मग कितीबी बटन दाबा, काय होत नाय. मला वाटलं, तेवढीच घ्यायची.”

मी बटण दाबलं. ओळ येत होती, पण खिडकीच्या कडेखाली, कुणाला दिसणार नाही अशी. खाली सरकायला पट्टी मी दिलीच नव्हती.

घरातली नावं सांगताना आधी बायको, मग मुलगे, मग मुली, मग म्हातारी आई आणि अगदी शेवटी माहेरी परतलेली बहीण सांगतात. माझ्या फॉर्मने नेमकी शेवटची माणसं कापली होती.

“मंग मी कुठं गेले?” बाईने विचारलं.

“चूक माझी आहे, ताई. नीट करते.”

“आज होईल?”

मी हो म्हणाले.

फॉर्म खरंच त्याच दिवशी नीट झाला. ओळी लेआउट मॅनेजरच्या ताब्यात दिल्या, सरकपट्टी लावली, ओळ वाढली की मांडणी पुन्हा कर, असं त्याला सांगितलं. संध्याकाळच्या एसटीआधी काम संपलं. यादी मात्र सह्या होऊन वर गेली होती.

“ती आता उघडायची नाही,” मालक म्हणाले. “चूक आपली म्हटलं तर पुढचं काम कोण देईल?”

कागदी अर्जांवरून मी सुटलेली नावं हाताने उतरवली आणि स्वतः पुनर्वसनाच्या कचेरीत नेऊन दिली. तिथल्या माणसाने कागद घेतला, पोच दिली नाही. “बघू,” म्हणाला. पुरवणी यादी निघाली तेव्हा त्यातली थोडी नावं आली. त्या बाईचं आलं नाही. नव्या गावठाणात भावाला जागा मिळाली, यादीत नाव नसलेल्या तिला नाही. दिवाळीनंतर ती वीटभट्टीवर गेल्याचं खर्डीच्या मुलीने मला सांगितलं.

मी नोकरी सोडली नाही. तोच फॉर्म पुढे आणखी दोन कामांना वापरला. लोक चांगला म्हणायचे.

दोनेक वर्षांनी मुरबाडच्या बाजारात तिचा भाऊ दिसला. मी जवळ जाऊन बहिणीचं विचारलं.

“ती आता येत नाय आमच्याकडे,” तो म्हणाला, आणि सुक्या मासळीचा भाव विचारायला वळला.