शिंप्याची धाकटी

आमचा दादा शिंपी. हात असा, की पोक आलेला माणूससुद्धा त्याच्या कोटात ताठ दिसावा. मी त्याची बहीण. त्याच दुकानात काज-बटणं करते आणि जमेल तेवढं तोंड चालवते.

दादाला जुळ्या मुली. वहिनी लवकर गेली, तेव्हापासून त्याने एकच धरून ठेवलं: आईविना पोरी आहेत, त्यांच्यात डावं-उजवं करायचं नाही. कापड एक, शाळा एक, क्लास एक. थोरली बोलायची, धाकटी मान हलवायची. धाकटीला काही विचारलं तरी उत्तर थोरलीच द्यायची. "कशा एकजीव आहेत हो!" असं गिऱ्हाइकं म्हणाली की दादाची छाती फुगायची.

मग कॉलेज संपायच्या आतच थोरलीला परगावी नोकरी लागली. ती गेली आणि इकडे धाकटीने अंथरूण धरलं. जेवण नाही, आंघोळ नाही, कॉलेज तर सुटलंच. शेजारीण म्हणाली, "नाटकं आहेत, लग्न लावून टाका." असा संताप आला! लग्न म्हणजे काय तापावरची गोळी आहे? मीच दादाला आणि पोरीला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं.

बाईंनी साधंच विचारलं, "तुला काय आवडतं गं?"

पोर हळूच म्हणाली, "माहीत नाही. ती गेली आणि इथे कुणी उरलंच नाही."

बाई म्हणाल्या, औषध देते, पण वेळ लागेल. या वयात पोरं आपण कोण ते चाचपून बघतात, हिला कधी तशी वेळच आली नाही. दादा खाली मान घालून ऐकत होता. मला त्याची दया आली आणि रागही आला.

दुकानात परतल्यावर तो म्हणाला, "चल, फक्त तुझ्यासाठी काहीतरी शिवतो." टेप हातात घेतली आणि थबकला. धाकटीचं माप त्याला ठाऊकच नव्हतं. जन्मभर थोरलीचं माप घेऊन त्याने कापड दुहेरी कापलं होतं. अख्ख्या गल्लीची मापं तोंडपाठ असलेला बाप, काय म्हणायचं याला!

त्याने टेप लावली. थोरलीपेक्षा खांदे अरुंद निघाले, हात तर दोन बोटं आखूड. बाह्या ती कायम दुमडून घ्यायची, आम्हाला मेली फॅशन वाटायची.

दादाने तिची दुमडलेली बाही उलगडली. "अगं, एकदा तरी बोलायचंस ना."

"मला वाटायचं," ती म्हणाली, "माझेच हात चुकलेत."