राणी मुंगीचा फोटो आणि ताईचा चेहरा

आमच्या बाबांच्या हातात चेहरे गुळगुळीत करायची कला होती आणि त्या कलेवर माझा आजही राग आहे. मुलं म्हणतात, आई, किती कडू बोलतेस. बोलते तर बोलते.

मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाबांचा फोटो स्टुडिओ होता. पुढे एक खोली, मागे आमचं घर. सत्तरच्या दशकात आमच्याकडे मुलीचं लग्न काढायचं म्हणजे आधी तिचा फोटो पाठवायचा, आणि तो फोटो बाबांच्या हातून गेला की मुलगी उजळलीच म्हणून समजा. बाबा निगेटिव्ह खिडकीतल्या तिरप्या काचेवर ठेवत, पेन्सिलीला सुईसारखं टोक करत आणि डाग, तीळ, मुरुम, एकेक टिंब देऊन घालवत. आईबाप खूश होऊन जात. पुढे मुलगी प्रत्यक्ष बघितल्यावर काय व्हायचं, ते बाबांनी कधी विचारलं नाही.

विचारायची गरजही नव्हती, घरातच दिसत होतं. माझी मोठी बहीण, ताई, लहान असताना देवीच्या साथीत सापडली. आई त्याच साथीत गेली. ताई वाचली, पण चेहराभर खड्डे राहिले. बाबांनी तिचा फोटो काढला आणि त्यावर जीव ओतला. फोटो बघून मेडशीहून पाहुणे आले, धनजहून आले. पोहे खायचे, ताईकडे एकदा बघायचे, मग एकमेकांकडे बघायचे. "कळवतो" म्हणून उठायचे. त्यांनी उष्ट्या केलेल्या बश्या ताईच विसळायची. मला इतका संताप यायचा, वाटायचं बश्या त्यांच्या डोक्यात घालाव्यात!

मी तेव्हा अकोल्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते. श्रावणात सुट्टीला आले होते, उघडीप होती. ताई न्हाणीपाशी भांडी घासत होती, तिनं एकदम हाक मारली.

"पाह्य वं, हे काय करून राह्यली!"

एक मोठी काळी मुंगी पायांनी स्वतःचेच पंख उपटत होती. मी ऐटीत सांगितलं, "राणी हाय ते. आता जमिनीत जाऊन एकटीच घर मांडते."

"एकटीच? अन् नवरा?"

"तो मरते लगेच."

"बरं झालं," ताई म्हणाली आणि इतकी हसली की तिच्या हातातलं पातेलं निसटलं. मग ते उचललं. "एकटीनं घर मांडता येते म्हन," असं स्वतःशीच म्हणाली.

तिनं औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओली माती भरली, राणीला आत सोडलं आणि तोंडाला कापसाचा बोळा लावला. मी पुढच्या खेपेला आले तेव्हा राणीनं अंडी घातली होती. ताई सकाळी उठली की आधी बाटली बघायची. बघताना उजव्या भुवईच्या टोकाशी जो व्रण होता त्यावर तिचं बोट फिरत राहायचं. ती सवयच होती तिला. एवढी आनंदी मी तिला कधी बघितली नव्हती.

"हे जगली पायजे," ती म्हणायची. "पिल्लं निंगाली तं त्याहिले खाऊ काय घालू? तुया सराले विचार."

आमच्या सरांना मी विचारलं. ते म्हणाले, मुंगी मुंगीत फरक असतो. कुणी दाणे वेचते, कुणी गोड शोधते, कुणी किडे मारून खाते. जात कळल्याशिवाय कसं सांगू? घेऊन ये, स्पिरिटमध्ये घालून बघू. ताईला हे सांगितलं तर बाटली छातीशी धरून बसली. "स्पिरिट घाल म्हना स्वतःच्या डोक्यात!" शेवटी सर म्हणाले, बरं, फोटो आण. वरून एक, बाजूनं एक, आणि डोक्याचा अगदी जवळून.

बाबांना हे काम फार आवडलं. खरंच सांगते, ताईसाठी काही करायला मिळालं म्हणून त्यांचा चेहरा फुलला होता. बर्फगोळेवाल्याकडून त्यांनी बर्फ आणला, त्यावर बशी ठेवली आणि राणीला बशीत सोडलं. गारव्यानं ती सुस्तावली. बाबांनी जुन्या कॅमेऱ्याचा भाता होता तेवढा लांबवला, काळ्या कापडात डोकं घातलं आणि सवयीनं म्हणाले, "हलू नको बरं, माय." ताई हसून हसून बेजार.

फोटो सुरेख आले. मी ते अकोल्याला नेले. सरांनी भिंगातून बघितले, पुस्तक उघडलं, पुन्हा बघितलं. म्हणाले, डोकं अगदी गुळगुळीत, चकचकीत दिसतंय. तेव्हा ही गोडखाऊ जात. पिलांना साखरपाणी, गूळपाणी दे.

ताईनं तसंच केलं. बारीक बारीक मुंग्या निघाल्या होत्या, तिळाएवढ्यासुद्धा नव्हत्या. गुळाच्या पाण्याला त्या तोंड लावेनात. पाणी आंबलं, मातीला बुरशी धरली, काही मुंग्या त्या चिकटात अडकून मेल्या. ताई पाणी बदलायची, बोळा बदलायची, साखर घालून बघायची. राणी त्या मेलेल्या पिलांना उचलून एका कोपऱ्यात नेऊन ठेवत होती. मग एक दिवस तीही हलली नाही.

ताईनं तिला आगपेटीत कापसावर ठेवलं आणि मला म्हणाली, "ने आता सराकडं. आता घाल म्हना स्पिरिटात."

सरांनी तिला सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि मला बोलावलं. नुकतं नांगरलेलं वावर असावं तसं ते डोकं होतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघाच रेघा.

"ही तर दाणे वेचणारी," सर म्हणाले. "हिला गवताचं बी घालायचं. मग फोटोतली कोण होती?"

"तीच," मी म्हटलं.

घरी आले ती तडक खिडकीपाशी गेले. बाबा कुणाची तरी निगेटिव्ह घेऊन बसले होते. मी ओरडले, "बाबा, मुंगीवर पेन्सिल फिरवली तुमी?"

त्यांना आधी कळेचना. मग म्हणाले, "डोकं लय खरबरीत दिसत होतं वं. रेघाच रेघा. मले वाटलं, बरं नाई दिसत. हात गेला."

ताई दारात उभी होती. ती ओरडली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "बाबा, तिले कोन पाहाले येनार होतं?"

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. त्या दिवशी त्यांनी पुन्हा ती उचलली नाही.

पुढच्याच उन्हाळ्यात ताई काविळीनं गेली. आधी अंगारे-दोरे नकोत म्हणून दवाखान्यात नेलं, मग अकोल्याला नेलं, सगळं केलं. नाही राहिली. बुद्धविहारातून माणसं आली, वंदना झाली, आणि भिंतीवर लावायला फोटो शोधला तर एकच निघाला. स्थळांना पाठवायचा तो. शेजारची नवी सून फोटोला फुलं वाहता वाहता हळूच मला विचारती झाली, "ह्या कोन व्हत्या वं?" ताईच्या हातचा चहा प्यायलेली बाई!

बाबांनी ते ऐकलं. ते उठले आणि निगेटिव्हचे सगळे डबे उपसू लागले. पेन्सिल पुसून टाकता येते, मूळ चेहरा खाली शाबूत असतो, असं ते मला सांगत होते. पण स्थळं येत राहिली, प्रती लागत राहिल्या, हाताळून हाताळून पेन्सिल पुसट व्हायला लागली, म्हणून त्यांनीच कधीतरी त्या सुधारलेल्या फोटोचा फोटो काढून ठेवला होता. मूळ निगेटिव्ह फेकून दिली होती.

मग त्यांनी भिंतीवरचा फोटो उतरवला, चौकटीतून काढला आणि खिडकीत घेऊन बसले. बारीक कुंचला काळ्या शाईत बुडवला.

"सांग वं माय," ते मला म्हणाले, "कपाळावरचे खड्डे कसे होते? गालावर कुठून कुठून होते?"

मी तोंड उघडलं आणि मला काही सांगता येईना. आठवेचना. तिला वाईट वाटू नये म्हणून आम्ही दोघंही तिच्या चेहऱ्याकडे कधी टक लावून बघत नव्हतो. मुंगीच्या डोक्यावरच्या रेघा मला डोळे मिटून काढून दाखवता आल्या असत्या. माझ्या बहिणीचा चेहरा मला येत नव्हता. बाबांचा कुंचला कागदावर अधांतरी थांबला होता, शाई वाळून चालली होती.

"उजव्या भुवईच्या टोकाशी एक होता," मी म्हटलं. "तिथं ताई बोट फिरवत राहे."

बाबांनी तेवढा एक काढला. फोटो आता माझ्या घरी आहे. त्या गुळगुळीत चेहऱ्यावर माझी ताई तेवढीच आहे.