रस्त्याकडेचा डबा

ऑर्विल हाउगे आयोवात आमच्या शेजारच्या शेतावर राहतो. उन्हाळ्यात तो रस्त्याकडेच्या टेबलावर मक्याची कणसं मांडतो, बाजूला कॉफीचा रिकामा डबा ठेवतो आणि खुशाल कामाला निघून जातो. लोक कणसं नेतात, डब्यात पैसे टाकतात.

मी गावातल्यांचे कराचे कागद भरून देतो. फेब्रुवारीत ऑर्विल आला, सोबत मेव्हणा लायल. ऑर्विलनं डब्यातल्या कमाईचा आकडा सांगितला.

"दाजी, डोकं फिरलंय का?" लायल उसळला. "धान्य घेणारी कंपनी दिलेल्या पैशांचा कागद तुम्हाला पाठवते, तसाच सरकारलाही पाठवते. कणसांचा कागद कुणी पाठवलाय? कोण बघायला येतंय?"

"डब्यापाशी तरी कोण बघत असतं?" ऑर्विल म्हणाला. "लोक टाकतातच की पैसे. तू नाही टाकत?"

लायल खिडकीबाहेरचा बर्फ बघू लागला. मला काय, मी आकडा भरून टाकला.

ऑर्विल कोट घ्यायला बाहेरच्या खोलीत गेला, तसा लायल माझ्या कानाशी आला.

"गेल्या उन्हाळ्याचे पैसे मी आत्ता टाकले, तर ते दाजी कुठल्या वर्षात दाखवणार?"