सोळा दिवस राखलेलं चीज

आमच्या शेजारच्या क्वार्टरमधले देवराव दुर्गे भद्रावतीच्या कारखान्यात माल तपासायला होते. तयार झालेली वस्तू त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जात नसे. हे कारखान्यापुरतं राहिलं असतं तर कुणाची तक्रार नव्हती. पण घरी आले तरी त्यांचा हात थांबत नसे. भाजीवाल्याचं वांगं ते उन्हात धरून बघत. लग्नाला गेले की पंगतीत बसण्याआधी वरणाच्या गंजात पळी फिरवून येत. मी कॉलनीच्या शाळेत शिकवते, तर माझ्या खडूची धूळ जास्त उडते हेही मला त्यांनीच सांगितलं. माणूस सोन्यासारखा, पण सोनंही त्यांनी घासून पाहिल्याशिवाय घेतलं नसतं.

त्यांची मुलगी पंचशीला नागपूरला होस्टेलमध्ये राहून बी.एस्सी. करत होती. शहाऐंशी सालच्या एप्रिलमध्ये तिचं पत्र आलं. देवरावभाऊ पत्र नेहमी मोठ्यानं वाचत, भिंतीपलीकडे आम्हालाही ऐकू जाईल असं. त्या दिवशी वाचता वाचता मध्येच थांबले. मैत्रिणीच्या घरी पावावर चीज घालून दिलं, हिनं ‘हे काय असतं’ म्हणून विचारलं आणि टेबलावरची सगळी माणसं हसली, एवढंच तिनं लिहिलं होतं. पोरीनं ते गमतीनं लिहिलं असेल. बापाला त्यात गंमत दिसली नाही.

“बुद्धपौर्णिमेले येते ना पोरगी,” ते बायकोला, रुखमाबाईंना म्हणाले. “घरी पोटभर चीज खाऊन जाईन ती. मंग कोनी हासून तं दाखवावं.”

भद्रावतीत तेव्हा चीज कुठलं! रुखमाबाईंचा भाऊ सोमाजी पलटणीत होता. त्याला पत्र गेलं आणि मे महिन्यात सुट्टीवर येताना त्यानं मिलिटरी कँटीनमधला डबा आणला. पत्र्याचा, सीलबंद. पोरगी यायला सोळा दिवस होते. डबा तसाच फळीवर राहिला असता तर सोळा दिवसांत त्याला काही झालं नसतं. पण न तपासलेली वस्तू घरात ठेवणं देवरावभाऊंच्या तत्त्वात बसत नव्हतं. सोमाजी चहा पिऊन चौकापर्यंतही पोचला नसेल, तेवढ्यात यांनी डबा फोडला.

“काऊन फोडला जी?” रुखमाबाई पिठाच्या हातानं धावत आल्या.

“मंग? आतमधी काय हाय ते पाहाले नोको?”

“वरतं लिवलं हाय ना!”

“लिवाले काय, कोनीबी लिवते.”

मे महिना, त्यात आमचा चंद्रपूर जिल्हा. सकाळी दहाला नळाचं पाणी हाताला चटका देतं. तासाभरात चीजला तेलाचा घाम फुटला, आणि तो पाहून देवरावभाऊंनाही फुटला.

आमच्या ओळीत फ्रीज एकट्या माझ्याकडे होता. मी आपण होऊन म्हटलं, आणून ठेवा. देवरावभाऊ आले, फ्रीजचं दार उघडून आत डोकं घातलं, दोनदा हुंगलं आणि म्हणाले, “बाई, राग नोका मानू. तुमच्या फ्रीजले सुकटीचा वास येते, न् चीज वास धरते. आन् लाइन गेली का तुमचा फ्रीज म्हंजे नुसतं कपाट.” चार वर्षं मी त्या फ्रीजचं कौतुक साऱ्या ओळीला ऐकवत आले होते. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. खरं सांगायचं तर वास येत होता.

शेवटी रुखमाबाईंनी चीज आपल्या ताब्यात घेतलं. त्यांचं माहेर सिंदेवाहीकडचं. त्यांची आई उन्हाळ्यात लोणी राखायची, तीच रीत त्यांनी लावली. आधी कोरड्या फडक्यानं पुसून घेतलं. कापलेल्या बाजूवर तेलाचं बोट फिरवलं, म्हणजे ती सुकून तडकत नाही. मग पळसाच्या पानात गुंडाळलं. मी प्लास्टिकची पिशवी देऊ केली तर म्हणाल्या, “त्याच्यात जीव कोंडते बाई, बुरशी धरन.” पानावरून मिठाच्या पाण्यातून घट्ट पिळलेलं सुती फडकं. हे सगळं मडक्यात, मडकं ओल्या रेतीच्या घमेल्यात, घमेलं माठाच्या कोपऱ्यात, आणि वर ओलं पोतं. पान रोज ताजं, फडकं दिवसातून दोनदा. ओल्या हातानं शिवायचं नाही, आणि चीज बाहेर काढायचं तर पहाटेच, हवा गार असताना. सातव्या दिवशी एका कोपऱ्यावर हिरवट ठिपका दिसला. देवरावभाऊ सगळाच माल बाद करायला निघाले. रुखमाबाईंनी ठिपक्याभोवतीचा बोटभर भाग कापून टाकला आणि बाकीचं नव्या पानात बांधलं. शाळेला सुट्टी असल्यामुळे मी हे रोज भिंतीवरून बघत होते आणि मनातल्या मनात चरफडत होते. कारण चीज खरोखरच टिकत होतं.

रुखमाबाई राखत होत्या आणि देवरावभाऊ तपासत होते. रोज पहाटे ड्यूटीवर जाण्याआधी ते सुरी पुसत आणि एक नमुना काढत. पहिला नमुना कागदासारखा पातळ. तो जिभेवर ठेवून डोळे मिटायचे, बराच वेळ तसेच उभे राहायचे. मग भिंतीवरून मला खबर मिळायची, “बराबर हाय.”

चौथ्या दिवशी त्यांना वाटलं, एका बाजूचा नमुना भरवशाचा नसतो, दोन्ही बाजूंचा घ्यायला हवा. आठव्या दिवसापासून चारी कोपरे. मग लक्षात आलं की पहाटे तर गारवाच असतो, मालाची खरी परीक्षा संध्याकाळी. तेव्हापासून कारखान्यातून आले की ‘पोतं वाळलं काय पाहून येतो’ म्हणत आत जायचे. पोतं पाहून आलेला माणूस चघळत का बाहेर येतो, ते मला कळेना.

“भाऊ, चीज आवडून राह्यलं वाटते,” मी एकदा म्हटलंच.

“आवडाले काय हाय त्याच्यात? खारं न् आंबट. तपासा लागते म्हनून खातो.”

रुखमाबाईंनी स्वतः चिमूटभरही तोंडात टाकलं नव्हतं. पान बदलताना चीज लहान होत चाललेलं त्यांना रोज दिसत होतं, पण चोवीस वर्षांच्या संसारात या माणसाला समजावून काही उपयोग होत नाही एवढं त्या शिकल्या होत्या. तेराव्या दिवशी मात्र त्या कडाडल्या. “पोरीसाठी राखून राह्यली मी, का तुमच्यासाठी?” मडक्याच्या तोंडाला फडकं आवळून त्यांनी अशी गाठ मारली की देवरावभाऊ तीन दिवस माठाकडे फिरकले नाहीत. पाणीसुद्धा मागून प्यायले.

पंचशीला दुपारच्या एसटीनं आली, उन्हानं लाल झालेली. खीर बाजूला ठेवून रुखमाबाईंनी आधी मडकं आणलं. मलाही बोलावणं होतं. त्यांनी गाठ सोडली, पान उघडलं. चीज होतं, पिवळं, मऊ, डबा फोडला त्या दिवशीसारखं. फक्त आगपेटीएवढं.

“घे,” देवरावभाऊ म्हणाले. “आन् खरं सांग, तिथचं चांगलं होतं का हे चांगलं हाय.”

पोरीनं हात पुढे केला नाही.

“तिथचं म्या खाल्लंच नाई, बाबा. सगळे हासले, तं पोट दुखते म्हनून उठून आली. कसं खातेत तेबी मले माहीत नाई.”

आम्ही सगळे धरून चाललो होतो की चव तरी तिला ठाऊक आहे. त्या टेबलावरच्या माणसांचा मला असा राग आला की ती समोर असती तर एकेकाला बाकावर उभं केलं असतं. पण पोरीला सांगणार काय? चीज मीही कधी खाल्लेलं नव्हतं. आमच्या साऱ्या ओळीत ते जाणणारा माणूस एकच होता.

देवरावभाऊ पोरीसमोर मांडी घालून बसले. सुरी पुसली, पातळ काप काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

“हे पाह्य, घाईनं चावाचं नाई. जिभेवर ठेव. आधी खारं लागन. थांब. आता आंबट येते, थोडंसंच. आता टाळूले लाव. मागून दुधाची चव येते. आली?”

पंचशीलानं डोळे मिटले होते. “आली.”

“झालं मंग. एवढंच असते ते. याच्यात हासासारखं काईच नाई.”

तिनं दुसरा काप खाल्ला, मग तिसरा, अगदी सावकाश, बापानं सांगितलं तसं. बघता बघता पान रिकामं झालं. मग ती मोकळी हसली आणि म्हणाली, “अजून हाय काय, बाबा?”

देवरावभाऊंनी रुखमाबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्ही दोघीही त्यांच्या मदतीला गेलो नाही.

“नाई, पोरी,” ते म्हणाले. “बाकीचं म्या खाल्लं. लय आवडलं मले.”