लेकीच्या हातची सांबारवडी

आमच्या अमरावतीत कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि हिवाळ्यात तो स्वस्त झाला की घरोघरी सांबारवडी होते. बेसन-मैद्याची पारी, तिला आतून चिंच-गुळाचा हात, त्यावर सांबार, खोबरं, खसखस ठासून भरायची, पाकीट मुडपायचं आणि तळायचं. हिरवा पाला पोटात जातो म्हणून आम्ही ती पौष्टिक ठरवून टाकली आहे. तेलाचं कोणी विचारत नाही.

दिवाळीला लेक पुण्याहून आली. बडनेऱ्याच्या फलाटावर मी तिला ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, ओढणीखाली खांद्याची हाडं वर आलेली. तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, न खाणं हाच आजार आहे, नखरे नाहीत. मला पटेना. खात्यापित्या घरातलं पोर उपाशी राहतं म्हणजे काय? रोज ताट वाढायचे आणि रोज तसंच उचलायचे.

"मले भूक नाही आई. काहून मागं लागून राहिली?"

भांडले, रडले, देव पाण्यात ठेवले. काही फरक पडला नाही.

मग परवा ती आपणहून म्हणाली, "आज सांबारवडी करू का?" माझा जीव भांड्यात पडला. तिनं सकाळभर सांबार निवडला, धुतला, फडक्यावर सुकवला, बारीक चिरला. शेजारच्या खालांना सुनांसकट बोलावलं. कढईतून काढून गरम गरम वाढत होती, "आणखी एक घ्या न" म्हणून आग्रह करत होती. खाला मला म्हणाल्या, "पोरगी सुगरण झाली तुमची, आता काय फिकीर!" मीही मूर्खासारखी फुगले.

सगळे गेल्यावर ध्यानात आलं, हिनं एकही वडी तोंडात घातली नव्हती. आमच्यात तळणारी पहिल्या घाण्यातली मोडून मीठ बघते. तेसुद्धा हिनं माझ्याकडूनच बघून घेतलं होतं. मला भडभडून आलं. आता माझ्या हातात काही उरलं नाही, असंच वाटलं.

ताटात एक वडी होती. ती मी तिच्यापुढे धरली. तिनं ती घेतली, मोडली आणि माझ्याच ओठांना लावली.

"तुले आवडते न आई. तू खाय."

मी तोंड उघडलं. ती डोळे न हलवता माझ्याकडे बघत होती. मी चावत होते, आणि तिचा रिकामा जबडा माझ्याबरोबर हलत होता.